मोठं अंडं

रक्ततपासणीच्या रांगेत म्हातारा-म्हातारीची कुजबुज चालली होती. मागे बसलेल्या शिंपीणबाई आपला नंबर विसरून ऐकू लागल्या.

"कवच टणक व्हावं म्हणून भिंतीचे जुने पोपडे कुटून कोंबड्यांच्या खाद्यात कालवलेत! रंगातलं शिसं अंड्यांत उतरलं ना?"

"चुकलंच गं. आता ज्यानं अंडी जास्त खाल्ली, त्याला धोका जास्त, म्हणतात."

"म्हणजे तुम्हाला! रोज मोठं अंडं तुमच्याच ताटात वाढायचे मी."

"तुझी पाठ वळली की ते तुझ्या ताटात सरकवायचो मी. अरे देवा, सगळं तुझ्याच पोटात गेलं की!"

"कुठलं? मला कळायचं ते. कुस्करून तुमच्याच भाजीत घालायचे रात्री."

"खरंच?"

"अहो, खरंच."

"हुश्श! तू सुटलीस, म्हणजे मी वाचलो."