एकच स्टेपनी

माझ्या स्कूटरचं पंक्चर निघेपर्यंत मी टायरच्या दुकानात बसलो होतो. शेजारी एक निवृत्त ट्रकड्रायव्हर आणि त्यांची बायको दुकानदाराशी बोलत होते.

"झोपायचा ट्रेलर घरीच बनवलाय. थेंबाच्या आकाराचा, दोघांपुरता. कारमागे जोडणार. त्याला छोटी चाकं दाखवा."

"छोटी नकोत. कारला आहेत त्याच मापाची द्या."

"अगं, मोठ्या चाकांनी दार वर जातं. तुझे गुडघे बघ."

"गुडघ्यांचं मी बघते. चाकं एकाच मापाची असली की दोन्हीकडे एकच स्टेपनी चालते. हो ना, भाऊ?"

"बरोबर आहे, काकू."

"चाळीस वर्षं यांचा एकच फोन. टायर फुटलाय, स्टेपनी नाही, आज येत नाही. 'तूही चल' असं एकदा म्हणाले नाहीत."

"मालक बायकोला ट्रकमध्ये बसू देत नव्हता गं."

"तेव्हा मालक आडवा आला, आता गुडघे. भाऊ, दार किती उंच येईल?"

"त्या टायरच्या चळतीएवढं."

"अहो, पिशवी धरा."

"अगं, पडशील!"

"बसले. पाय लोंबकळतायत, पण बसले. आता तुम्ही या."

"मी कशाला?"

"झोपायचंय ना दोघांना? या."

"थांब जरा. हा पाय उचलला जात नाही."

"हात देऊ?"

"नको म्हटलं ना!"

"बरं, दम खा. भाऊ, चाकं मोठीच द्या. आणि दाराखाली एक पायरी लावून द्या. कुणी विचारलं तर माझ्या गुडघ्यांसाठी आहे म्हणून सांगा."