आनंदाची वही

‘गुणी मुलांना जास्त जप,’ असं सासूबाई म्हणायच्या; मी मनावर घेतलं नाही. काल दवाखान्यात माझ्या शेजारी एक आजोबा आणि त्यांच्या नातीच्या शाळेतल्या बाई बोलत होत्या.

“आई वारल्यावरही ती वर्गातल्या आनंदाच्या वहीत रोज दिवसभरातल्या तीन छान गोष्टी लिहायची, आजोबा. मी वर्गाला वाचून दाखवायचे.”

“घरी घास उतरत नव्हता हो पोरीच्या घशाखाली. आज चक्कर येऊन पडली.”

“मला एका शब्दाने बोलली नाही!”

“लिहिलं होतं म्हणे एकदा. ‘आईची आठवण येते.’”

“हो... मीच खोडायला लावलं. म्हटलं, आनंदाचं लिही.”

“आत डॉक्टरांनाही तेच सांगतेय, मी मजेत आहे.”

तुमच्या घरचं शहाणं लेकरू आज पोटभर जेवलं का, जरा जवळ बसून बघा.