लोह कमी पडलेली दोघं

मंगरूळपीरच्या दवाखान्यात रक्त तपासायच्या रांगेत माझ्यापुढं दोघी शेजारणी उभ्या होत्या.

"उमेरा, तीन महिने लोहाच्या लाल गोळ्या खाल्ल्या, तरी तुयं तोंड पांढरं फट्ट काहून वं?"

"पौर्णिमाताई, हळू बोला. मी एकबी गोळी खाल्ली नाई."

"मंग आशाताईले रिकामी पाकिटं दाखवली, ते?"

"गोळ्या दारातल्या निंबूच्या बुडाशी पुरल्या."

"अवो बाप्पा! झाडाले?"

"त्याची पानं पिवळी पडली होती ना, शिरा तेवढ्या हिरव्या. कृषीवाले साहेब म्हणे, याले लोह कमी पडून राह्यलं. त्याच हप्त्यात डॉक्टरीनबाई मले तेच म्हणे. आता मले तं गोळीच्या वासानंच मळमळते. निंबूले थोडी मळमळते?"

"मंग, फरक पडला?"

"हिरवंगार झालं! सासू साऱ्या मोहल्ल्याले सांगते, माह्या शेणखताचा गुण म्हणून."

"अन् तुयं रक्त?"

"मागच्या खेपेले नऊ होतं. आज आठ निघालं, तं सासू मलेबी शेणखत घालन."

"हसू नको. आत गेल्यावर डॉक्टरीनबाईले खरं सांग. नाई तं त्या तुले डबल गोळ्या लिहून देतीन."

"देऊ द्या ना, ताई."

"काहून? आता तरी खाशीन काय?"

"मी नाई. मांगच्या अंगणातलं संत्र्याचं झाडबी पिवळं पडून राह्यलं."