ठणकावून सांगायचं वाक्य

सर: थांब, थांब. हे ‘आय थिंक’ कुठून आलं मध्येच? मी दिलेल्या वाक्यात ‘आय थिंक’ होतं?

बायको: तोंडातून गेलं.

सर: तोंडातून गेलं! उद्या व्हिसाच्या खिडकीतला साहेब विचारणार, लेकीकडे निघालात, परत याल कशावरून? आणि तू म्हणणार, मला वाटतं मी येईन. तो म्हणेल, बाई, मला वाटतं तुम्ही घरीच बसा. शिक्का मारून मोकळा! पुन्हा म्हण. माय हजबंड इज अलोन. आय विल डेफिनेटली गो बॅक टू हिम.

बायको: माय हजबंड इज अलोन. आय विल... गो बॅक.

सर: डेफिनेटली कुठं गेलं? गिळलंस?

बायको: राहिलं.

सर: अगं, बाकीची उत्तरं कशी खणखणीत दिलीस. मुलगी तुमचा खर्च करणार का, तर सर्टनली. किती दिवस राहणार, तेही फाडकन सांगितलंस. आणि सगळ्यांत सोप्या वाक्याला शेपूट घालतेस? इतकी वर्षं या खोलीत मी काय घसा फोडतोय? इंग्रजीत शब्द चार कमी आले तरी चालतात, आवाजात खात्री पाहिजे. डेफिनेटली, सर्टनली, ॲब्सोल्यूटली. तीन खिळे. ठोकले की वाक्य हलत नाही.

बायको: पाठ आहे मला. पलीकडच्या खोलीत मशीनवर कपडे शिवताना तेच तर ऐकलं जन्मभर.

सर: मग घोडं अडतंय कुठं?

बायको: वाक्य खरं नाही, तिथं अडतंय.

सर: कुठलं वाक्य?

बायको: तुमच्याकडे परत येण्याचं.

सर: म्हणजे? तिकडेच ठाण मांडणार आहेस? सहा महिने झाले की हाकलतील.

बायको: हाकलायची वेळ कशाला आणू? मुदतीच्या आत परत येईन. पण या घरात नाही. धाकट्या बहिणीकडे. तिनं वरची खोली रिकामी केलीय माझ्यासाठी. मशीनसुद्धा तिच्याकडेच गेलंय.

सर: दुरुस्तीला दिलंय म्हणालीस ना?

बायको: म्हणाले.

सर: डोकं ठिकाणावर आहे का तुझं? या वयात? लोक काय म्हणतील?

बायको: लोकांचं माहीत नाही. तुमची क्लासची पोरं काय म्हणतात ते माहीत आहे. ‘सर डेफिनेटली घरी आहेत, परहॅप्स.’

सर: अगं, तो विनोद आहे! पोरांना हसवल्याशिवाय शिकतात का ती?

बायको: हसवा की. पण ते वाक्य माझ्या तोंडून का निघालं, ते सांगितलंत कधी कुणाला? आजारी म्हणून कॉलेजात रजा टाकलीत आणि दुसऱ्याच्या क्लासला शिकवायला गेलात. जाताना मला पढवून गेलात, प्रिन्सिपॉलचा फोन आला तर ठणकावून सांग, सर घरी आहेत, डेफिनेटली. सांगितलं मी. ते म्हणाले, द्या त्यांना फोन. घाईघाईत माझ्या तोंडून परहॅप्स निघून गेलं. तुमची नोकरी वाचावी म्हणून खोटं बोलले हो मी! आणि तुम्ही त्याचा धडा केलात. दर नव्या बॅचला, खात्रीचे शब्द शिकवायचे म्हणून. मी चहा घेऊन आत आले की पोरं वह्यांत तोंडं खुपसायची.

सर: एवढ्यासाठी कुणी घर सोडतं?

बायको: दहावीला आपली लेकही त्याच बाकावर बसायची. सगळा वर्ग हसला, ती नाही हसली. रात्री मला म्हणाली, आई, तू आत चहा नेत जाऊ नकोस. त्या दिवशी मला तुमचा जो राग आला ना, तो गेलाच नाही. तुमच्या शेजारी बसून पाहुण्यांशी हसत होते तेव्हाही होता.

सर: मग तोंडात मिठाची गुळणी धरून का बसलीस? बोलायचं होतंस.

बायको: बोलले होते. तुम्ही म्हणालात, रडत बोलू नकोस, आधी नीट वाक्य कर.

सर: मला नाही आठवत.

बायको: तुम्हाला कशाला आठवेल?

सर: बरं. जा. खुशाल जा. पण मला सोडून जायचं इंग्रजी मीच शिकवू? वा रे वा! माझीच काठी आणि माझंच डोकं! ते नाही जमायचं. उद्या जा आणि म्हण काय ते. आय थिंक म्हण. परहॅप्स म्हण.

बायको: म्हणेन. तो साहेब नाही म्हणेल, मी हात हलवत परत येईन. मग पुढच्या महिन्यात लेकीचं ऑपरेशन होईल तेव्हा तिच्या तान्ह्या बाळाला कोण घेईल, ते सांगा. जावई जहाजावर, सासू अंथरुणाला खिळलेली. तुम्ही घ्याल? तुम्हाला तर पासपोर्टच नाही.

सर: लेकीला मध्ये आणू नकोस.

बायको: तिच्यासाठीच तर सगळं चाललंय! नाहीतर मी उद्याची वाट कशाला बघितली असती? मशीनबरोबरच गेले असते.

सर: मग बहिणीकडूनच शिकायचं होतंस.

बायको: तुमच्यासारखं कुणाला शिकवता येत नाही. तुमचा कितीही राग आला तरी हे मी कुणालाही सांगेन. म्हणून तर समोर बसलेय. खोटं ठणकावून कसं बोलायचं, तेवढं सांगा. बाकीचं येतं मला.

(सर खडू खाली ठेवतात. खुर्ची फिरवून टेबलापलीकडे, तिच्या समोर बसतात.)

सर: खाली बघायचं नाही. खाली बघितलंस की संपलं.

बायको: बरं.

सर: त्या शब्दाच्या आधी श्वास घ्यायचा नाही. तिथं थांबलीस की त्याला कळतं, ही ठरवतेय. आणि पर्सच्या पट्ट्याशी चाळा नको. हात मांडीवर.

बायको: आणि मनात परहॅप्स आलं तर?

सर: येऊ दे. काचेपलीकडून त्याला मन दिसत नाही. चल. मी साहेब. मॅडम, व्हाय विल यू कम बॅक?

बायको: माय हजबंड इज अलोन. आय विल डेफिनेटली गो बॅक टू हिम.

सर: आर यू शुअर?

बायको: ॲब्सोल्यूटली, सर. ही इज वेटिंग फॉर मी.

(सर तिच्याकडे बघत राहतात.)

बायको: काय झालं? चुकलं का काही?

सर: नाही.

बायको: मग असे काय बघताय? जमलं ना?

सर: जमलं. कुणालाही खरं वाटेल.

बायको: सुटले बाई. उठते मी, उद्याचे कागद लावून ठेवायचेत.

सर: लावशील गं. बस जरा.

बायको: आता काय?

सर: काही नाही. पुन्हा एकदा म्हण.