मैदानाच्या कोपऱ्यातली राहिलेली चाचणी

सुनंदावहिनी, सावंत कुटुंबीय आणि मंडळाच्या सभासदांनो,

आपण सारे आलात. मागच्या भिंतीशी काहींना उभे राहावे लागले आहे, इतके आलात. या गर्दीसमोर बोलणे मला जड जात आहे, आणि त्याचे कारण केवळ शोक नाही. मी थकलो आहे. शोकसभेत वक्त्याने असे म्हणू नये, हे मला ठाऊक आहे. पण दत्ताराम सावंतांविषयी बोलताना पहिलेच वाक्य खोटे असावे, हे मला जमणार नाही.

मी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतर मुलुंडच्या आपल्या या क्रीडामंडळाचा अध्यक्ष झालो. दत्ताराम अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांवर हयात घालवून आले आणि मैदानाचे व्यवस्थापक झाले. मैदान, ट्रॅक्टर, त्याला जोडायची सारी अवजारे त्यांच्या ताब्यात. ते मला सर म्हणत, आणि माझे एकही ऐकत नसत.

आत येताना दारातच एका सद्गृहस्थांनी मला एक वाक्य सुचवले. म्हणाले, "ट्रॅक्टरला बंद न पडायची सोय होती हो, माणसाला नव्हती." वाक्य चांगले आहे. मी ते वापरणार नाही. दत्तारामांना मूत्रपिंडाचा विकार होता, ट्रॅक्टरला नव्हता. उपमा म्हणजे पुरावा नव्हे.

पण त्या सोयीविषयी मला बोलायचे आहे, कारण अखेरच्या वर्षात दत्ताराम दुसऱ्या कशाविषयी बोललेच नाहीत.

यंत्र मुळात काय करते? गवत उंच आणि ओले लागले, किंवा मागे माती उकरणाऱ्या रोटाव्हेटरसारखे जड अवजार असले, की इंजिनावर ओझे येते. ओझे फार झाले की इंजिन गुदमरते आणि बंद पडते. आपल्या ट्रॅक्टरला एक स्विच आहे, त्याला अँटी-स्टॉल म्हणतात. तो चालू असला, की यंत्र ओझे ओळखते आणि चाकांचा वेग आपोआप कमी करते. गवत कापणारी पाती त्याच जोराने फिरत राहतात. पेडल कितीही दाबले, तरी ट्रॅक्टर आपल्या बेताने पुढे जातो. गवत हळू कापले जाते, पण कापले जाते, फाटत नाही.

आरंभी दत्तारामांचा या सोयीला कडवा विरोध होता, हे आज विसरले जाईल, म्हणून सांगतो. "सर, पाय माझा, अक्कल यंत्राची? असं कसं चालेल?" असे म्हणून त्यांनी स्विच बंद केला, आपल्या सर्वांदेखत रोटाव्हेटर जमिनीत घातला आणि ट्रॅक्टर जागच्या जागी थंड पडला. पुन्हा सुरू केला. पुन्हा पडला. प्रधानसाहेब, तुम्ही तेव्हा ओरडलात, "दत्ता, बैल आणू का रे?" सारे हसले. दत्तारामही हसले. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन ते म्हणाले, "सर, मी चुकलो. जड कामाला स्विच चालूच पाहिजे." वादात हरल्यावर इतक्या लवकर आणि इतक्या स्वच्छपणे मत बदललेला माणूस मी फार पाहिलेला नाही. विद्वानांत तर नाहीच.

मग मनाली आली. त्यांची पुतणी. आधीचा चालक सोडून गेला आणि कोणी मिळेना, तेव्हा दत्तारामांनी तिला शिकवले. कसे शिकवले? स्विच बंद ठेवून. मी विचारले, ही विसंगती नाही का? ते म्हणाले, "नाय सर. आधी पाय शिकूदे. पायाला कळलं, की मग स्विच." मी कडेला उभा राहून ऐके. "दाबू नको गो! आवाज बसतोय, ऐकू नाय येत तुका?" आणि ती वरून ओरडे, "काका, तुम्ही गप्प बसाल तर आवाज ऐकू येईल ना!"

ती शिकली. मग स्विच चालू करून मैदान कापू लागली. आणि आपल्या मंडळात तक्रार आली.

प्रधानसाहेब, आपण कार्यकारिणीत आहात आणि समोर बसला आहात, म्हणून नाव घेतो. पाठीमागे घेतले नसते. आपली अडचण खरी होती. सकाळचा सराव सुरू होईपर्यंत मैदान मोकळे होत नव्हते. पण आपण आक्षेप दोन घेतलेत. पहिला: मुलगी हळू चालवते. दुसरा: ती काही चालवतच नाही, यंत्र चालवते, ती नुसती बसते. मी तेव्हाही म्हटले होते, आजही म्हणतो. वेग जर यंत्र ठरवत असेल, तर हळूपणा तिचा नाही. हळूपणा जर तिचा असेल, तर यंत्र ठरवत नाही. दोहोंपैकी एक आक्षेप निवडावा लागेल. आपण दोन्ही ठेवलेत, आणि तिला काढण्याचा ठराव मांडलात.

दत्तारामांनी उलट वाद घातला नाही. त्यांनी चाचणी मागितली. स्विच बंद करून तिला चालवू द्या, मग ठरवा. एवढेच.

ती चाचणी झाली नाही. कार्यकारिणीची बैठक बोलावली, गणपूर्ती झाली नाही. पुन्हा बोलावली, कोणाच्या घरी साखरपुडा निघाला. पुन्हा बोलावली, तेव्हा मी आणि दत्ताराम दोघेच रिकाम्या खुर्च्यांसमोर चहा पीत बसलो. कोणी चाचणी नाकारली नाही, हे लक्षात घ्या. नाकारली असती, तर मला उत्तर देता आले असते. न येण्याला उत्तर नसते. माझा थकवा आहे तो हा.

इस्पितळात मी अखेरचा भेटलो, तेव्हा त्यांनी विचारले, "गणपूर्ती झाली?"

"नाही."

"मी गेल्यावर होईल बघा. मेल्या माणसाला सगळे येतात."

वहिनी रागावल्या. "काय बोलताय ते!" मी तो विनोद समजलो.

सभासदांनो, आज या सभागृहात कार्यकारिणीचा प्रत्येक सदस्य हजर आहे.

त्यानंतर ते जे बोलले, ते मी जसेच्या तसे सांगण्याचा प्रयत्न करतो. म्हणाले, "सर, चाचणी घ्याल तेव्हा माणसं मैदानावर उभी करू नका. हॉलात बसवा. पडदे ओढा. बघितलं की त्यांना पोरगी दिसते. नुसतं ऐकलं, तर पाय ऐकू येईल."

मी आयुष्यभर युक्तिवाद तपासले. याहून निर्दोष अट मला कोणी घातलेली नाही.

मनाली इथे का नाही, अशी कुजबुज मघाशी मागे झाली. सख्खा काका गेला आणि पुतणी सभेला नाही! ती बाहेर आहे. टेकडीकडच्या कोपऱ्यात, जिथे पाणी साचते आणि गवत गुडघ्याच्या वर वाढले आहे. ट्रॅक्टरला गवत कापायचा कटर जोडलेला आहे. स्विच बंद आहे. मी स्वतः पाहून आलो. मैदानाकडचे पडदे का ओढले आहेत, हे आता आपल्या लक्षात आले असेल.

शोकसभा हे निवाड्याचे स्थान नव्हे, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. म्हणून आज मत मागत नाही. तिला काढण्याचा ठराव येत्या बैठकीत यायचा तसा येईल. वहिनींची अनुमती मी घेतली आहे. त्या म्हणाल्या, "त्यांना हार घालण्यापेक्षा हे करा." मनालीलाही विचारले, आज जमेल का? ती म्हणाली, "बंद पडला तर पडला, सर. मग मीच सांगेन, नको मला हे काम. पण न ऐकता काढू नका."

काय ऐकायचे, ते सांगतो. पायाने घाई केली, तर इंजिनाचा आवाज जड होईल, खाली बसेल आणि बंद पडेल. पायाने वेळीच माघार घेतली, तर ओझे येऊनही आवाज आपली पातळी सोडणार नाही. आज ती पातळी यंत्र राखणार नाही. राखली गेली, तर ती एका माणसाने राखलेली असेल.

दिवंगत दत्ताराम सावंतांना मी नमस्कार करतो. ते हे ऐकत असतील, असे मी म्हणणार नाही. माझा त्यावर विश्वास नाही. म्हणूनच ऐकण्याचे काम आपल्यावर आले आहे.

दाराजवळच्यांनी तिला हात करावा. खिडक्या उघडा, पडदे राहू द्या.

आपण उभे राहू या. दोन मिनिटे कोणीही बोलू नये.