सुभेदारांची सायकल

साताऱ्याच्या दवाखान्यात लीलाबाई खोकल्याच्या औषधासाठी बसली होती, पण कान सगळा शेजारच्या बाकावर. तिथं एक मिशाळ, पेन्शनर सुभेदार गुडघा चोळणाऱ्या आकारामाला खडसावत होते.

"सायकल घे गड्या! साठी उलटली माझी, पर रोज लिंब गावापासनं साताऱ्याला सायकल मारत येतो."

"सायकलनं गुडघं झिजत्यात म्हंत्यात, सुभेदार."

"बसून गंजत्यात! माझा दम बघ. झोप तर अशी, की पाठ टेकली का घोरतो."

"आन पडलं म्हंजे?"

"पडतो की कवातरी. खरचटलं तर सांगलीची हळद दाबायची, झालं."

"मग आज दवाखान्यात कशापायी?"

"मी न्हाई रं. आमच्या मंडळींची कंबर धरलीया."

"वैनींना काय झालं?"

भिंतीकडची बाई कण्हत सरळ झाली.

"ह्यांच्या मागं कॅरेजवर बसते न्हवं रोज? तब्येत ह्यांची सुधारती, खड्डं माझ्या कमरंत बसत्यात."

"डाक्टर औषध देतील की आता," सुभेदार म्हणाले.

"औषध ऱ्हाऊ द्या. मला सायकल शिकवा. मी चालवते, तुमी बसा मागं."

"आगं, आन पडलीस तर?"

"हळद हाय की घरात. सांगलीचीच."