लाल स्वेटर

चहाची किटली घेऊन आलेल्या मावशी शोधपथकाच्या तंबूच्या दाराशीच थबकल्या. टेकडीवर हरवलेल्या म्हाताऱ्याचे दोन मुलगे ड्रोनवाल्याच्या पडद्यासमोर बसले होते.

“बाबांच्या अंगात लालच होतं ना? नक्की?” ड्रोनवाल्याने विचारलं.

“लाल स्वेटर. मीच पाठवलाय, चांगला भारीतला,” थोरला म्हणाला.

“तीन तास लालच शोधतोय. हे बघा, ओढ्याकाठी राखाडी सदऱ्यात कुणीतरी बसलंय.”

“छे! आमचे बाबा असे पोक काढून बसत नाहीत. पुढे घ्या.”

“बसलेले शेवटचे कधी पाहिलेत?”

“रोज व्हिडिओ कॉल असतो हो!”

“रोज? दादा, काहीही काय सांगतोस?”

“तू गप्प बस. तू तर तोही करत नाहीस.”

तेवढ्यात धाकट्याचा फोन वाजला. स्पीकरवर बाबांच्या शेजारच्या काकू होत्या.

“अरे, कुत्र्याला वास द्यायला कपडा हवा म्हणून कपाट उघडलं. लाल स्वेटर पिशवीतच आहे. पोरं आली की घालीन म्हणायचे.”

ड्रोनवाल्याने ड्रोन पुन्हा ओढ्याकाठी नेला. पडद्यावर राखाडी सदऱ्यातल्या माणसाने वर बघून हात हलवला.

“बाबाच! मी म्हटलं नव्हतं?” थोरला ओरडला.

मावशींनी एकच कप भरला, ड्रोनवाल्याच्या हातात दिला आणि किटली उचलून निघाल्या.